फुल-बॉडीड रेड वाइन: बूच काढण्याआधी आणि नंतर

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे सगळ्यांना पाठ असतं, ती रूम कुठली, हे सहसा कोणी विचारत नाही. ती युरोपातल्या जुन्या, हीटर नसलेल्या घरांतली, 16 ते 18 अंश सेल्सिअसची. फुल-बॉडीड वाइनमध्ये अल्कोहोल बहुतेकदा 13.5 ते 15 टक्के असतं. 25 अंशांच्या वर गेलं की ते आधी नाकात शिरतं आणि फळाचा वास मागे पडतो. उलट 12-13 अंशांवर वास मिटून जातो आणि तुरटपणा टोकदार होतो. म्हणून बाटली तापलेल्या खोलीतली असेल तर फ्रिजमध्ये पाऊण ते एक तास ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी मिसळलेल्या बादलीत दहा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, तो बाटलीला सगळीकडून टेकत नाही. थोडी जास्त गार झाली तरी बिघडत नाही, ग्लासात ती आपोआप दोन-तीन अंश चढते.

‘बॉडी’ म्हणजे घोट तोंडात किती भरीव लागतो ते. हे वजन अल्कोहोल, द्राक्षातून उतरलेला अर्क आणि टॅनिन (साल-बियांतला तुरट घटक) यांतून येतं. कॅबरने सॉव्हिन्याँ या द्राक्षाचे मणी लहान आणि साल जाड, त्यामुळे रसाच्या मानाने साल-बिया जास्त आणि टॅनिन भरपूर. शिराज, माल्बेक, तन्ना हीही याच पंगतीतली. रंगावर मात्र जाऊ नका. इटलीतल्या पिएमोंते भागात नेबिओलो द्राक्षापासून होणाऱ्या बारोलो वाइनचा रंग फिका विटकरी असतो आणि टॅनिन भल्याभल्यांना गप्प करतं. बारोलोला नियमानेच किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडात, ते उगाच नाही.

बूच काढताना फॉइल बाटलीच्या ओठाखालच्या कडेवरून कापा, म्हणजे ओतताना वाइन त्याला लागत नाही. कॉर्कस्क्रूचं टोक बुचाच्या मधोमध रोवून सरळ फिरवा आणि शेवटचा वेढा बाहेरच ठेवा. पार गेलं तर भुगा आत पडतो. बूच मोडलंच तर उरलेला तुकडा सरळ आत ढकला आणि वाइन बारीक गाळणीतून ओता. चवीचं काही नुकसान होत नाही.

यानंतर हवा. ‘बूच काढून तासभर ठेवा’ हा सल्ला जवळपास निरुपयोगी आहे, कारण बाटलीच्या गळ्यात हवेला टेकणारा वाइनचा भाग नाण्याएवढाच असतो. तरुण, दणकट वाइन रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये ओता आणि एक ते दोन तास राहू द्या. डिकँटर नसेल तर काचेचा स्वच्छ जगही चालतो. दर अर्ध्या तासाने एक घोट घेऊन पाहा, वाइनचा वास कधी खुलला हे घड्याळापेक्षा जिभेला लवकर कळतं.

जुन्या बाटलीचं तंत्र वेगळं. आठ-दहा वर्षांत टॅनिन आणि रंगद्रव्य एकमेकांना चिकटून खाली गाळ बसतो. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. ओतताना गळ्याखाली टॉर्च धरा आणि एकाच संथ धारेत, मध्ये न थांबता ओता. थांबलात की वाइन मागे हेलकावते आणि गाळ ढवळला जातो. बाटलीच्या खांद्यापाशी धुरासारखी काळपट रेघ सरकताना दिसली की हात थांबवा. तळाची दोनेक घोट वाइन सोडून द्यायची. अशी वाइन लगेच प्यावी, तासाभराच्या हवेने तिचा उरलासुरला सुगंधही उडून जाऊ शकतो.

ग्लास मोठा घ्या, 500-600 मिलिलिटरचा, तोंडाशी आत वळलेला. ओता मात्र 125 ते 150 मिलिलिटरच. वरची रिकामी जागा वासासाठी असते. घोट गिळण्याआधी तोंडभर फिरवा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत झाली तर ते टॅनिन: लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं आणि ओलसरपणा जातो. जिभेच्या कडांना लाळ सुटली तर तो आंबटपणा. घशात ऊब आली तर अल्कोहोल. ही तीन वेगळी ओळखता आली की ‘स्ट्राँग आहे’ यापलीकडे काही सांगता येतं.

जेवणाचा हिशेब इथूनच निघतो. मांस आणि जुनं चीज यांतली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला काम देतात, मीठ कडवटपणा दाबतं. तिखटाबरोबर अल्कोहोलची आग वाढते, तेव्हा अशी वाइन टाळलेली बरी. माशाबरोबर कधी कधी येणारा उग्र वास वाइनमधल्या लोहामुळे येतो, हे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं. गोड पदार्थापुढे तर चांगली वाइनही आंबट-कडू लागते.

काही बिघाड वासावरून कळतात. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास आला तर बुचाचा दोष, टीसीए नावाचं संयुग. अपाय नाही, पण कितीही हवा द्या, तो वास जात नाही. ती बाटली परत करा. विझलेल्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा वास मात्र हलवून, डिकँट करून बऱ्याचदा जातो. बूच वर आलेलं आणि वाइनला शिजलेल्या मुरंब्याचा वास, तर ती उष्णतेत तापलेली असते; तिला इलाज नाही.

उरलेली वाइन अर्ध्या बाटलीत तशीच ठेवू नका. बाटली उघडल्या उघडल्याच 375 मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावा, फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकते. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.