रात्रभर दुर्बीण चालवायची तर बॅटरी कोणती घ्यावी

नाशिकजवळ वैतरणा धरणाच्या बाजूला किंवा अंजनेरीच्या पलीकडे दुर्बीण लावली की वीज फक्त सोबत नेलेल्या बॅटरीची. बॅटरी घेताना आपण आधी विचारतो, ‘किती एएच?’ एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण; तो आकडा लागतोच. पण त्याआधी बघायचं ते हे, की पहाटे चारला सगळं चालू असताना माउंटच्या, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या बैठकीच्या, सॉकेटवर किती व्होल्ट पोचणार. बऱ्याच गो-टू (लक्ष्याकडे आपोआप वळणाऱ्या) माउंटवर ११ ते १५ व्होल्ट छापलेलं असतं. व्होल्टेज ११च्या आसपास आलं तरी ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यामागे सरकणं, चालू राहतं. मग दुसऱ्या लक्ष्याकडे वळताना मोटर जास्त करंट ओढते, व्होल्टेज आणखी पडतं, माउंट रिसेट होतो आणि केलेलं अलाइनमेंट (ताऱ्यांवरून जुळवलेली दिशा) जातं. अशा वेळी माउंट उघडण्याआधी बॅटरी आणि वायर तपासावी.

सुरुवात लोड मोजण्यापासून करा. बॅटरी आणि सामान यांच्या मध्ये डीसी वॉटमीटर लावून घरीच गच्चीवर सगळा संच तासभर चालवा. मीटर नसेल तर हे अंदाज धरा: मध्यम इक्वेटोरियल माउंट (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) ट्रॅकिंग करताना १ अँपिअर, वळताना २ ते ३, कूल्ड कॅमेरा (सेन्सर थंड ठेवणारा) २, थंड होत असताना ३, मिनी पीसी १, आठ इंची नळीचा ड्यू हीटर (काचेवर दव धरू न देणारा गरम पट्टा) पूर्ण ताकदीवर दीड ते दोन.

हीटरकडे नाशिकमध्ये विशेष लक्ष हवं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरणांच्या काठी आणि द्राक्षबागांच्या पट्ट्यात दव भरपूर पडतं, आणि कित्येकदा माउंटपेक्षा हीटरच जास्त वीज खातो. कंट्रोलर घ्या आणि अंधार पडल्यापासूनच ३०-४० टक्क्यांवर चालू ठेवा. काचेवर दव धरल्यावर ते उडवायला पूर्ण ताकद लागते आणि वेळही जातो. नळीच्या तोंडाशी फोमशीटचं ड्यू शील्ड गुंडाळलं तर हीटरचं काम आणखी हलकं होतं, आणि त्याला वीज लागत नाही.

आता हिशोब. फोटोग्राफीच्या संचाचा सरासरी लोड ५ अँपिअर धरू. डिसेंबरात इथे साधारण सव्वासात ते पावणेसहा पूर्ण अंधार असतो. त्यातले आठ तास काम केलं तर ४० अँपिअर-अवर लागले. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीचे ८० टक्के वापरायचे ठरवले तर ५० एएचची बॅटरी पुरते आणि ती साधारण सहा किलोची असते. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून तिथे ८० एएच लागेल. ती वीस किलोच्या वर जाते आणि थंडीत क्षमता थोडी कमीच देते. फोटो न काढता दुर्बिणीतून नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर माउंट आणि छोटा हीटर मिळून दीड अँपिअर, पाच तासांचे साडेसात. १२ एएच एलएफपी पुष्कळ झाली.

एलएफपीचा खरा फायदा वजनापेक्षा व्होल्टेजचा आहे. ती जवळजवळ शेवटपर्यंत १३च्या आसपास राहते. लेड-अ‍ॅसिड १२.७ला सुरू होऊन निम्म्यावर १२.२ला येते, तेही लोड नसताना.

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएच बॅटरी आपल्याकडे गावोगाव मिळते. लेड-अ‍ॅसिड असेल तर छोट्या स्टार ट्रॅकरला (कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या छोट्या माउंटला) चालेल. भरवशाचे चारच एएच धरा. मात्र ‘१२ व्होल्ट लिथियम’ म्हणून मिळणारा पॅक आतून तीन लिथियम-आयन सेलचा असेल तर तो १२.६ला सुरू होऊन १०च्या खाली जातो. गो-टू माउंटला तो घेऊ नका. पॉवर बँकेवरचे एमएएच ३.७ व्होल्टवरचे असतात: २०,००० म्हणजे ७४ वॉट-अवर, हातात येतात साठ-पासष्ट. शिवाय लोड फार कमी असेल तर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा १२वर आणायचे, यात वीज फुकट जाते.

वायरीत कंजूषी करू नका. तीन मीटर लांबीची ०.७५ स्क्वेअर एमएम वायर ५ अँपिअरला जाऊन-येऊन जवळजवळ ०.७ व्होल्ट खाते. अडीच स्क्वेअर एमएमची फक्त ०.२. लेड-अ‍ॅसिडवर हाच फरक माउंट चालण्या-न चालण्याचा ठरतो. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज हवाच. गाडीच्या लायटर सॉकेटचा प्लग अंधारात पाय लागून सैल होतो. त्याऐवजी अँडरसन किंवा एक्सटी६० कनेक्टर लावा. नवी वायर पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस बघा, कारण उलट जोडणीने माउंटचं सर्किट जळू शकतं.

विकत घेतल्यावर एएच खरे आहेत का ते तपासा. हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब एलएफपीवर साधारण ५ अँपिअर घेतो. पूर्ण चार्ज केलेली ५० एएच बॅटरी त्यावर दहा तासांच्या आसपास चालायला हवी. सातव्या तासाला बंद पडली तर परत करा. बल्ब खूप तापतो, तो फरशीवर मोकळा ठेवा आणि लक्ष असू द्या.

चार्जर एलएफपीचाच, १४.६ व्होल्टचा घ्या. डिसल्फेशन मोडचा (प्लेटवरचा सल्फेटचा थर काढू पाहणारा) लेड-अ‍ॅसिड चार्जर वापरू नका. गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी बंद गाडीत बॅटरी ठेवू नका.

जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं. तेव्हा एलएफपी अर्धी चार्ज करून, सगळ्या वायरी काढून कोरड्या जागी ठेवा. लेड-अ‍ॅसिड मात्र पूर्ण भरलेली हवी आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करावी लागते.