पोरगं विचित्र वागायला लागलं, गोळी लगेच सुरू करायची का?

आमच्या आतेभावाने लालबागच्या खोलीत मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बँडेड चिकटवलं, गॅलरीतून लोक माझ्यावरच बोलतात म्हणायचा, पण विचारलं की "असेल माझा भास" असंही म्हणायचा. ही अशी स्वतःला शंका असते ना, तोवर सायकोसिस (भास आणि खोट्या समजुती पक्क्या होऊन खरं-खोटं कळेनासं होणं) पूर्ण झालेला नसतो, आणि अशातल्या बऱ्याच जणांना तो पुढे होतही नाही.

म्हणून आधी डायरी ठेवा, झोप किती, काय ऐकू येतं, कॉलेज कधी बुडलं, आणि ती घेऊन मुंबईत केईएम, सायन किंवा नायर हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा (सकाळी लवकर, रांग बेक्कार असते). गांजा ओढत असेल तर डॉक्टरला खरं सांगा, तो आधी बंद.

फक्त सायकोसिसचा धोका आहे म्हणून अँटीसायकोटिक (सायकोसिसवरची गोळी) देऊ नका, असं ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची गाइडलाइन सांगते, आधी सीबीटी (विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारं) समुपदेशन, कारण या गोळ्यांनी वजन, साखर वाढू शकते. पण भास पक्के झाले, शंका संपली, तर मात्र उशीर नको, डॉक्टर सहसा कमी डोसने सुरू करतात. शेजाऱ्याची उरलेली गोळी अजिबात नाही, आणि चालू असलेली मनाने बंद पण नाही. जीव द्यायची भाषा केली तर थेट कॅज्युअल्टी. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.