वर्गाला घेऊन बांधावरच्या वनस्पती कशा गोळा कराव्यात आणि ओळखाव्यात

मराठवाड्यात या कामाचा हंगाम पोळा ते दसरा. जून-जुलैत रान हिरवं दिसतं, पण बहुतेक रोपांना फूल नसतं आणि फुलाशिवाय केलेली ओळख म्हणजे निव्वळ अंदाज. प्रकल्प जमा करायची तारीख आली म्हणून जानेवारीत मुलांना गायरानात नेलं तर कुसळं आणि वाळका तरोटा एवढंच हाती लागतं.

१. साहित्य: खुरपी, जुनी वर्तमानपत्रं, दोन पुठ्ठे, सुतळी, १० पट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते.

२. चार-पाच मुलांचा एक गट करा आणि सकाळी नऊच्या आत निघा. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारखं होतं, त्यामुळे ते जागच्या जागी कागदात दाबावं लागतं. सोयाबीन-कापसात पाय घालायचा नाही. बांधावर जायलाही शेतकऱ्याला विचारायचं आणि नुकतीच फवारणी झालेलं शेत टाळायचं. पायात बूट हवेत, आणि गवतात हात घालण्याआधी काठी फिरवा.

३. एका जागी त्याच जातीची निदान दहा रोपं असतील तरच एक उचला. लहान रोप मुळासकट घ्या, झुडपाची फूल आणि फळ असलेली वीतभर फांदी पुरे. कंद उपटू नका, फोटो काढा. गाजरगवताला मुलांनी उघड्या हाताने शिवायचं नाही, त्वचेला खाज आणि पुरळ येतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. धोतरा सगळाच विषारी आणि गुंजेची बीही विषारी. कुठलंही पान चाखून बघायचं नाही, घरी रानभाजी म्हणून खात असले तरीही.

४. ओळख. सगळं काम इथे अडतं, आणि ‘मोबाइलवर फोटो काढा, ॲप नाव सांगेल’ हा सल्ला इथेच सगळ्यात जास्त नुकसान करतो. नाव आधी मिळालं की मूल रोपाकडे बघणं थांबवतं. म्हणून नियम कडक ठेवा: वहीत लक्षणं लिहून झाल्याशिवाय नावाचा उच्चार करायचा नाही. लक्षणंही रोप ताजं असताना तिथेच बसून लिहायची, कारण चीक, वास आणि फुलाचा रंग वाळल्यावर उरत नाहीत.

आधी पान तोडून चीक येतो का ते पाहा. घोळ आणि जमिनीला चिकटून पसरणारी लहान दुधी दुरून सारखीच वाटतात. दुधीला पांढरा चीक असतो. घोळीला तो नसतो आणि तिची पानं मांसल असतात. मग खोड बोटांत फिरवा. तीन धारा लागल्या तर ते गवत नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातलं काही आहे. खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि फूल दोन ओठांचं असेल तर बहुधा तुळशीचं कुळ. रानतुळस आणि दीपमाळ दोन्ही त्यातल्याच.

यानंतर पान, आणि बहुतेक वर्ग इथेच फसतो. मुलं पर्णिकेला, म्हणजे एकाच पानाच्या पानासारख्या दिसणाऱ्या तुकड्याला, पान समजतात. तरोट्याच्या एका पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. मुलं त्यांना ‘सहा पानं, समोरासमोर’ म्हणून मोकळी होतात आणि पुढची सगळी ओळख चुकते. तपासायची खूण एकच: पान जिथे खोडाला जोडलेलं असतं तिथल्या बेचक्यात बारीक कळी (नव्या फांदीचा अंकुर) असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. प्रत्येक मुलाने ही कळी भिंगातून स्वतः शोधली पाहिजे. फळ्यावरच्या आकृतीने हे डोक्यात शिरत नाही.

हे जमलं की तरोटा आणि कासुंदा वेगळे करता येतात. तरोट्याच्या पर्णिका टोकाला गोलसर, शेंग लांब, बारीक, वाकडी. कासुंद्याला चार ते सहा जोड्या, टोकं अणकुचीदार, शेंग चपटी, पान चुरगाळलं की घाण वास. तरवड हे तिसरंच झुडूप: पर्णिकांच्या जोड्या आठ-बारा आणि पानाच्या बुडाशी कानाच्या आकाराची मोठी उपपर्णं (देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना येणारे पानासारखे भाग). काटेमाठ आणि तांदुळजा यांत पानाच्या बेचक्यातला काटा पाहायचा, फुलोऱ्यावर विसंबू नये.

फुलातही एक फसगत आहे. एकदांडीचं (कुणी तिला दगडीपाला म्हणतं) एक ‘फूल’ म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ. तो फोडून आतलं एकेक फूल वेगळं काढायला लावा. पाकळ्या मोजायच्या त्या याच्या, गुच्छाच्या नाहीत.

आता ॲप उघडा. पूर्ण रोप, समोरून फूल आणि पानाची मागची बाजू असे तीन फोटो द्या आणि आलेलं नाव वहीतल्या लक्षणांशी ताडून पाहा. एक लक्षण जुळलं नाही तरी नाव रद्द. गवतांच्या बाबतीत ॲपवर भरवसा ठेवू नका. खुरपायला आलेल्या बायका फूल नसलेलं रोपही ओळखतात. त्यांनी सांगितलेलं नाव गावाच्या नावासह लिहा, कारण तालुका बदलला की नाव बदलतं. तरीही अडलं तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्राकडे विचारणा करता येते.

५. दाबताना एक तरी पान उलटं ठेवा, मागची बाजू दिसली पाहिजे. वर विटांचं वजन. पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर भाद्रपदातल्या दमट हवेत बुरशी धरतेच. घोळ दाबल्यावरही जगत राहते आणि पानं गाळते. शिक्षकांनी फूल वर ठेवून तिचं खोड-पान काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवावं, मग दाबावं.

६. आठ-दहा दिवसांनी ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याने किंवा कागदी पट्ट्यांनी बसवा. सेलोटेप पिवळी पडून सुटते, ती नको. किडीसाठी जुन्या पद्धतीत मर्क्युरिक क्लोराइड वापरत. ते जहाल विष आहे, शाळेत आणूच नका. पिशवीत बंद करून निदान आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलं की पुरतं.

७. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, गाव-तालुका-जिल्हा, तारीख, गोळा करणारा गट, फुलाचा रंग, चीक, वहीतला क्रमांक. ओळख पटली नाही तर नावाच्या जागी ‘अनोळखी’ लिहा आणि कुळापर्यंत पोचला असाल तर ते नोंदवा. चुकीच्या नावापेक्षा असा कागद कितीतरी उपयोगी. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच बांधावर बहुतेकांना पक्कं फळ धरलेलं असतं. वहीतला क्रमांक घेऊन तिथे जा, फळ पाहा आणि चिठ्ठी पूर्ण करा.