लाईटनं औषध सोडणाऱ्या नॅनोकणांवर पीएचडी करायची म्हणता? मग हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बीएस्सी केमिस्ट्रीवाली पोरं विचारतात, बायोलॉजी नसली तर कॅन्सर-नॅनोत चालतं काय? चालतं की! मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मिडियम, पेशी वाढवायला लॅबमध्येच शिकलो.

काम काय, तर डॉक्सोरुबिसिनसारखं कॅन्सरचं औषध गाठीबरोबर हृदयालाही त्रास देतं, म्हणून ते नॅनोकणात, म्हणजे अतिबारीक कणात बांधायचं आणि गाठीवर लाईट मारला की तिथंच सुटेल असं बघायचं. लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या अतिबारीक पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ लाच मंजूर झालंय, लाईटवालं मात्र अजून बहुतेक लॅबमध्येच आहे, त्यामुळं घरी "कॅन्सरचं औषध काढतोय" म्हणू नका, पावणे रिपोर्ट घेऊन दारात येतात.

लाईटही कुठलापण चालत नाही, निळा-हिरवा रक्तातलं हिमोग्लोबिनच शोषून घेतं, म्हणून ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा वापरतात. आमचा लेसर ८०८ चा, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि म्हणूनच जास्त धोक्याचा, गॉगल घातल्याशिवाय बटणाला हात नाही.

हा लाईट शोषून घेणारे सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे अतिबारीक काड्या, करताना बघायला मजा येते, पिवळट-नारिंगी द्रावणात ॲस्कॉर्बिक ॲसिड पडलं की रंगच जातो, पाण्यासारखं होतं, मग सीड, म्हणजे सोन्याचे बारके बीजकण घालून न हलवता ठेवायचं आणि हळूहळू रंग चढतो. पण त्यात सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन असतं, ते गारठ्यात पांढरे स्फटिक धरतं आणि बेळगावची डिसेंबरची सकाळ तुम्हाला माहितीच आहे, वॉटर बाथ २७ ते ३० डिग्रीला लावूनच ठेवायचा. सीटॅब नीट धुतलं नाही तर पेशी त्यानंच मरतात आणि आपण खूश, औषध लागू पडलं म्हणून!

खरी पीएचडी इथंच आहे बघा. पेशी मेल्या हा रिझल्ट नव्हे, कशानं मेल्या ते दाखवायचं. नुसता लाईट, नुसते कण, नुसतं औषध, रिकामे कण अधिक लाईट, भरलेले कण अंधारात, प्रत्येकाची वेगळी प्लेट, सगळं फॉइलमध्ये गुंडाळून. कंटाळवाणं आहे, पण व्हायवात, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न यावरच.

पैशाचं म्हणाल तर सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप काढा, महिन्याला ३७ हजार अधिक एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता. केसेट या कर्नाटकच्या परीक्षेनं प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप नाही, यात आपल्याकडं बरीच गल्लत होते. कोल्हापूर जवळ पडतं, बेंगळुरूला लॅब जास्त, पण गाव बघून गाईड निवडू नका. लेसर आणि सेल कल्चर (पेशी वाढवायची सोय) दोन्ही त्याच लॅबमध्ये आहेत का हे तिथल्या सिनियरला चहाला नेऊन विचारा, गाईडला नको.