खिशात पिस्तूल ठेवायचं तर नीट कसं ठेवायचं

लायसनचं आधी बघून घ्या. नुसतं शस्त्र बाळगायचं लायसन आणि ते लपवून सोबत न्यायची परवानगी या बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि एका राज्यातलं लायसन दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. ते क्लिअर असेल तरच पुढचं वाचा.

आता मुद्द्याचं. नुसतं पिस्तूल खिशात टाकून फिरायचं नाही, कधीच नाही, अगदी कोपऱ्यावर जायचं असलं तरी. "आपोआप बार उडाला" असं लोक सांगतात पण चांगल्या स्थितीतलं पिस्तूल सहसा आपणहून उडत नाही, ट्रिगरला काहीतरी लागलेलं असतं, बोट, किल्ली, शर्टाचं टोक, काहीही. अमेरिकेतला फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस, २००८ साली न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये कमरेला खोचलेलं ग्लॉक कंपनीचं पिस्तूल पँटमधून खाली घसरलं आणि गोळी स्वतःच्याच मांडीत, वर तिथलं लायसन नाही म्हणून २ वर्षांची शिक्षा. होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) नव्हतं, बाकी काही नाही. आणि मांडीतली मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, हे डोक्यात पक्कं ठेवा.

तर पहिलं काम, खिशात घालायचं होल्स्टर घ्या, त्याच मॉडेलच्या मापाचं. त्याने ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला पाहिजे, आणि बाहेरून दाबलं तरी आत ट्रिगर हलता कामा नये. मऊ, लोळागोळा झालेलं असेल तर फेकून द्या. बाहेरची बाजू खरखरीत किंवा हूकवाली हवी, म्हणजे पिस्तूल काढताना होल्स्टर खिशातच अडकून राहतं. माझं पहिलं होल्स्टर गुळगुळीत होतं, घरी रिकाम्या पिस्तुलावर प्रॅक्टिस करताना दर वेळी दोन्ही एकत्रच हातात यायचं, अगदी बुटातून मोज्यासकट पाय बाहेर काढल्यासारखं.

दुसरं, तो खिसा फक्त पिस्तुलाचा. किल्ल्या, सुट्टे पैसे, पेन, लायटर, सगळं दुसरीकडे. पुढचाच खिसा वापरा, मागच्यात ठेवलं की बसताना त्रास आणि आकारही दिसतो. जॅकेटचा खिसा मला पटत नाही, कारण जॅकेट आपण काढतो आणि खुर्चीवर टाकून विसरतो. पिस्तूल लहान आणि हलकंच घ्या, ५ गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्वर यासाठी बरं, त्याचा ट्रिगर जड असतो आणि मागचा घोडा (हॅमर) झाकलेला असला तर कापडात अडकत नाही.

आता सगळ्यात धोक्याची पायरी, परत ठेवणं. खिशातल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल कोंबायचं नाही, आत काय दुमडलंय ते दिसत नाही आणि नळी तुमच्याच मांडीकडे असते. आधी रिकामं होल्स्टर खिशातून बाहेर काढा, आत डोकावून बघा, बोट ट्रिगरपासून लांब आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल त्यात बसवा, मग दोन्ही मिळून खिशात. वेळ लागतो, लागू दे, परत ठेवायची घाई कुणालाच नसते.

नवीन होल्स्टर घेतलं की आठवडाभर घरात रिकामं पिस्तूल घालून फिरा, बसा, वाका, जिने चढा. रिव्हॉल्वर नसेल तर रिकामं करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढून चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बसलेली गोळी बाहेर. उलट केलंत तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाते आणि तुम्हाला वाटतं रिकामं झालं. डोळ्यांनी बघा, वर बोट घालूनही बघा, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. या प्रॅक्टिसमध्ये एक कळेल, बसलेलं असताना पुढच्या खिशातून पिस्तूल काढणं जवळपास अशक्यच असतं, गाडीत तर विचारूच नका.

चारचौघांत सारखा खिशावर हात जातो, ती सवय मोडा. आणि पिस्तूल हातातून सटकलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या, झेलतानाच बोट ट्रिगरवर जातं.

खिशात बारीक कापूस आणि धूळ किती जमते ते आठ दिवसांनी नळीत टॉर्च मारून बघा (आधी रिकामं करून, अर्थात). रात्री पिस्तूल कुलपाच्या पेटीत, आणि तेही पँट धुवायला टाकण्याआधी, नंतर नाही.