कंबर वाचवायची तर आधी रॅक हलवा

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळतो. कंबर धरली की आमची गुजराती पोरं ‘कमर झलाई गई’ म्हणतात, दांडियाबाजारातून येणारे मराठी काका ‘उसण भरली’ म्हणतात. उपाय दोघांचाही एकच: बाम, शेक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओझं. भिंतीवर ‘गुडघ्यात वाकून उचला’ अशी पाटी असतेच, पण तिने कोणाची कंबर वाचवलेली मी पाहिली नाही. वस्तूच अडचणीत ठेवली असेल तर माणूस वेडावाकडा वाकणारच.

तेव्हा मेजरिंग टेप घ्या आणि उचलणारा उभा राहतो तिथे उभे राहा. घोट्यापासून वस्तू धरलेल्या हातांपर्यंतचं आडवं अंतर मोजा. अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्राप्रमाणे सगळं अनुकूल असेल तर २३ किलोपर्यंत उचलणं ठीक. अंतरापुरतं अनुकूल म्हणजे २५ सेंटिमीटर. तेच ५० झालं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. वजन तेवढंच, फक्त हात लांब गेले.

आमच्याकडे हे कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, खोल लाकडी पेटीत दिसायचं. वरचे नग पटकन निघत. तळाचे काढताना पोट पेटीच्या कडेवर, एक पाय हवेत आणि कास्टिंग हातभर लांब. आम्ही पेटीची पुढची फळी बिजागरीवर घेतली, ती खाली पाडता येते, आणि पेटी लोखंडी घोडीवर चढवली. आता तळाचा नग मांडीच्या उंचीवर येतो. खर्च बिजागऱ्यांचा आणि वेल्डरच्या अर्ध्या दिवसाचा.

रॅकचा नियमही तोच. जड आणि रोज लागणारं सामान मांडीच्या मध्यापासून छातीपर्यंत. वर गॅस्केटसारखं हलकं सामान आणि रिकामी खोकी. अगदी खाली फक्त पॅलेटवरचा (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवरचा), पॅलेट ट्रक या हातगाडीने हलणारा माल.

पॅलेट माणसाच्या अगदी बाजूला ठेवू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण हाताशी असलं की माणूस पाय न हलवता कंबरेतून पिळतो. एक पाऊल लांब ठेवा, म्हणजे पाय वळवावेच लागतात.

बाकाची उंची कोपरावरून ठरवा. बारीक जुळणी कोपराच्या थोडी वर, साधं काम किंचित खाली, कानस-हातोड्याचं त्याहून खाली. एकाच बाकावर उंच आणि ठेंगणा दोघं काम करत असतील तर बाक उंचाच्या मापाने करा आणि दुसऱ्याला पायाखाली फळी द्या. उलट केलं तर उंच माणूस दिवसभर कुबड काढून उभा राहील.

ट्रॉली ओढू नका, ढकला. आणि ती जड जात असेल तर आधी चाकं बघा, नव्वद टक्के वेळा तिथे लोखंडाचा कीस नाहीतर सुतळी गुंडाळलेली सापडते.

ग्राइंडरवाल्यांच्या बोटांना मुंग्या येत असतील तर झिजलेली, लंगडणारी डिस्क बदला आणि कामाची पाळी आलटून-पालटून लावा. ऑफिसवाल्यांनी लॅपटॉप पुठ्ठ्याच्या खोक्यावर चढवून कीबोर्ड वेगळा घ्यावा, एवढं पुरे.

कंबरेचे पट्टे मालक हौसेने आणतात. १९९४ मध्ये नायोशनेच सांगितलं की धडधाकट कामगाराची इजा पट्ट्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही. तेच पैसे घोडीवर घाला. मालक ऐकत नसतील तर कायदा दाखवा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो कारखाना अधिनियम, १९४८ होता; आता त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता आली आहे. इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये, हे जुन्या अधिनियमाचं कलम ३४ होतं. उभ्याने काम करणाऱ्यांना सवड मिळेल तेव्हा बसायची सोय हवी, हे त्याचं कलम ४४ होतं. आमच्याकडे स्टुलं आली ती या दुसऱ्या कलमामुळे.

दुखणं कंबरेतून गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर बाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी, कामाची पाळी संपायची वाट न बघता.