डिजिटल डायरी: बटण दाबताच स्क्रीन कोरी (माझा अनुभव)

सांगलीत हळदीच्या अडतीवर बसतो. शेतकऱ्यांचे नंबर, उचल, सगळं डिजिटल डायरीत (नंबर-नोंदी ठेवायचं खिशातलं छोटं यंत्र). महिनाभर अक्षरं पुसट, बटणाची बीप वाजली की स्क्रीन कोरी. दोनदा नवे सेल घातले, कॉन्ट्रास्ट वाढवला. जीव मेटाकुटीला आला.

दोष सेलखालच्या पत्रीवरच्या हिरवट थरात होता. आधी नंबर वहीत उतरवले. डायरी बंद करून फक्त मुख्य सेल काढला. बॅकअपचा, म्हणजे मेमरी राखणारा दुसरा सेल, सोबत काढू नका, मेमरी जाते. पत्री खोडरबरने हलकी घासली, कीस झटकला, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसली, 10 मिनिटं वाळवली. नवा सीआर 2032 (नाण्यासारखा चपटा सेल) कडेला धरून, अधिकची (+) बाजू वर ठेवून बसवला. झाकण, स्क्रू, मग चालू. बॅकअप सेल दुसऱ्या दिवशी बदलला, मुख्य सेल जागेवर ठेवूनच.

पहिलीच नोंद तासगावची, अक्षरं काळीभोर.